कर्दळ, कैदी आणि एक पोलिश संन्यासी

रहिमतपूर मागे टाकून एसटी औंधच्या रस्त्याला लागली की कृष्णाकाठचा ऊस विरळ होतो आणि शाळवाची रानं सुरू होतात. दिवाळी नुकतीच सरली होती. बांधावरच्या बाभळी पिवळ्याधमक फुलल्या होत्या, माळावरचं गवत वाळून तांबूस झालं होतं. कंडक्टरने तिकीट फाडता फाडता विचारलं, "म्युझियम का देवी?" औंधला उतरणाऱ्या परक्या माणसाची त्याने केलेली ही वर्गवारी बरोबरच होती. "दोन्ही," असं मी म्हणालो, कारण खरं कारण सांगायला रस्ता पुरला नसता. मी पोलंडचा माग काढत औंधला चाललो होतो.

माझं आयुष्य वनस्पतिशास्त्र शिकवण्यात गेलं. पोलंड हा देश मला आधी फुलांतून भेटला, माणसांतून नंतर. पेशीचं विभाजन शिकवताना एडुआर्ड स्ट्रासबर्गरचं नाव यायचंच. त्याचं जर्मन पाठ्यपुस्तक जगभर चाललं, तो बॉनमध्ये प्राध्यापक होता, म्हणून सगळे त्याला जर्मन समजत. जन्म मात्र वॉर्साचा, १८४४ चा. मग केव्हातरी ऑर्किडांवर वाचताना यूझेफ वार्शेविच हा पोलिश वनस्पती-संग्राहक भेटला आणि मनात घर करून राहिला. पुढे त्याच वॉर्सात जन्मलेला आणखी एक माणूस औंधच्या इतिहासात आढळला. तो वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हता, इंजिनिअर होता. पण वार्शेविच आणि हा इंजिनिअर या दोघांच्या आयुष्याचा साचा मला इतका सारखा वाटत आला होता की औंध पाहायचं तर दोघांना बरोबर घेऊनच, असं मी ठरवलं होतं.

गावात शिरल्यावर पहिली भेट वार्शेविचशी झाली. एका जुन्या घराच्या न्हाणीचं सांडपाणी बाहेर पडत होतं आणि त्यावर कर्दळीचा दाट ताटवा माजला होता. लाल फुलं, पानांच्या कडांना जांभळट झाक. आपल्याकडे कर्दळ कोणी हौसेने लावत नाही. मोरीचं पाणी जिरवायला ती बरी म्हणून कोणीतरी कंद खुपसतं आणि मग ती हटत नाही. ती इतकी आपली झाली आहे की ती अमेरिकेतून आली हे सांगितलं तर लोकांना खरं वाटत नाही. या कर्दळीच्या घराण्यातल्या एका जांभळट पानांच्या जातीला १८५१ साली कॅना वार्शेविची असं नाव दिलं गेलं. बागांतल्या संकरित कर्दळींच्या पूर्वजांत तिचीही गणना होते.

वार्शेविचचा जन्म १८१२ चा, विल्नियसचा. हे शहर आज लिथुआनियाची राजधानी आहे. तेव्हा तिथे पोलिश विद्यापीठ होतं, विद्यापीठाची वनस्पती-बाग होती आणि या सगळ्यावर रशियाच्या झारची सत्ता होती. १७९५ साली रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने पोलंडचा शेवटचा तुकडाही आपसात वाटून घेतला होता आणि नकाशावरून तो देश पुसला गेला होता. तो परत नकाशावर यायला १९१८ साल उजाडलं. मधल्या सव्वाशे वर्षांत जन्मलेल्या पोलिश माणसाला भाषा होती, कविता होती, चर्च होतं, पण देश नव्हता. वार्शेविच विल्नियसच्या बागेत काम शिकला. १८३० च्या नोव्हेंबरात झारविरुद्ध उठाव झाला, त्यात हा तरुण माळी सामील झाला. उठाव चिरडला गेला, झारने १८३२ साली विद्यापीठच बंद केलं, आणि वार्शेविच सरहद्द ओलांडून प्रशियात गेला. तिथून बर्लिनच्या वनस्पती-बागेत त्याला काम मिळालं.

त्या काळी युरोपातल्या धनिकांना ऑर्किडांचं वेड लागलं होतं. आपल्या सह्याद्रीतही आंब्याच्या, जांभळाच्या फांद्यांवर आमरी फुलतात, सीतेच्या वेणीचे तुरे जूनमध्ये लोंबतात, पण त्यासाठी कोणी घर विकल्याचं ऐकिवात नाही. लंडनला, गेन्टला मात्र एकेका रोपाचे लिलाव होत. रोपवाटिकांचे मालक माणसं नेमून त्यांना मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या जंगलांत पाठवत. वार्शेविच १८४५ च्या सुमारास असाच ग्वाटेमालाला पोचला. बेल्जियमच्या लोकांनी तिथे वसाहत वसवायचा घाट घातला होता आणि गेन्टच्या व्हॅन हाउट रोपवाटिकेला रोपं हवी होती. पुढची काही वर्षं तो ग्वाटेमाला, कोस्टारिका, पनामा असा दक्षिणेला सरकत राहिला. मध्ये एकदा युरोपला येऊन तो परत गेला आणि कोलंबिया, इक्वेडोर, पेरू, बोलिव्हिया असा अँडीजच्या अंगाखांद्यावर हिंडला.

या धंद्यात झाड सापडणं हा सोपा भाग. ते जिवंत पोचवणं अवघड. खेचरावरून नदीपर्यंत, नदीतून होडीने बंदरापर्यंत, बंदरातून जहाजाने युरोपपर्यंत. कुठे उन्हाने, कुठे खाऱ्या पाण्याने, कुठे नुसत्या कुजण्याने पेट्याच्या पेट्या वाया जात. कोस्टारिकात १८४८ च्या सुमारास वार्शेविचला एक अफाट ऑर्किड सापडलं: लोण्याच्या रंगाच्या पाकळ्या आणि गडद किरमिजी ओठावर सोन्याच्या रेषा. त्याने ते इंग्लंडला एका रोपवाटिकेकडे पाठवलं. पोचेपर्यंत रोपं मेली. त्याचं वर्णन ऐकून लोकांना वाटलं, हा वाढवून सांगतोय. पुढे १८६० च्या दशकात दुसऱ्या एका संग्राहकाला तेच फूल पुन्हा मिळालं, ते इंग्लंडात फुललं, आणि त्याला नाव पडलं कॅटलिया डोवियाना. डो हे अमेरिकन बोटीच्या कप्तानाचं नाव. ज्याने ते पहिल्यांदा पाहिलं, तो नावातून बाहेर राहिला.

कोलंबियातल्या दुसऱ्या एका कॅटलियाची जिवंत रोपंही त्याने मॅग्दालेना नदीत गमावली. पण तिचे वाळवलेले नमुने राइशेनबाख या जर्मन अभ्यासकापर्यंत पोचले आणि त्याने १८५४ साली तिला वार्शेविचचं नाव दिलं. वाळका कागद वाचला म्हणून नाव वाचलं. कॉफीच्या कुळातल्या एका अख्ख्या प्रजातीचंही नाव वार्शेविचिया आहे. तिच्यातल्या एका झाडाची फुलं इवलीशी असतात, पण प्रत्येक झुबक्यातून लालभडक पानासारखं दल बाहेर येतं. आपल्या घाटातल्या भूतकेसाला जसं पांढरं दल येतं, तोच प्रकार. दोन्ही एकाच कुळातली. ते लाल झाड आज त्रिनिदाद आणि टोबॅगोचं राष्ट्रीय फूल आहे. देश नसलेल्या माणसाचं नाव दुसऱ्याच एका देशाच्या मानचिन्हात जाऊन बसलं.

वार्शेविच १८५३ साली क्राकूफला परतला. विल्नियसला परतणं शक्य नव्हतं. क्राकूफ ऑस्ट्रियाच्या ताब्यात होतं, पण निदान पोलिश बोलणारं होतं. तिथल्या वनस्पती-बागेचा तो निरीक्षक झाला आणि १८६६ साली वारला तोपर्यंत तिथेच राहिला. जगभरची झाडं एका बागेत रुजवत त्याने शेवटची वर्षं काढली. त्याला मातीचा एवढाच तुकडा मिळाला, पण त्याने तो नीट सांभाळला.

कर्दळीपुढे मी जरा जास्तच रेंगाळलो असणार, कारण पारावरून एका आजोबांनी हाक मारली. डोक्याला पटका, हातात चंची. मी जवळ जाऊन बसलो. कुठलं गाव, काय काम, हे सगळं झाल्यावर मी विचारलं, "आजोबा, इथं राजांच्या काळात पोलंडचा एक माणूस राहायचा, भगव्या कपड्यांतला. कधी ऐकलंय?"

"पोलंडचा?" त्यांनी मान हलवली. "त्यो काय ठावं न्हाय. राजासाब ठावं हाईत. समद्यांस्नी सूर्यनमस्कार घालाय लावायचे. माजा बा सांगायचा, शाळंत आधी नमस्कार, मग पाटी."

आजोबांच्या वडिलांची आठवण खरी आहे. औंधच्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे होते. भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी, म्हणजे बाळासाहेब, १९०९ ते संस्थान विलीन होईपर्यंत गादीवर होते. ते स्वतः चित्रकार आणि कीर्तनकार होते, रोज शेकड्याने नमस्कार घालत. त्यांनी रामायणाची चित्रं काढून छापली, अजिंठ्यावर ग्रंथ काढला, भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला हात दिला. पंडित सातवळेकरांनी वेदांचं काम इथेच बसून केलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावहून कारखाना हलवावा लागला तेव्हा बाळासाहेबांनी कुंडलजवळचा माळ दिला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. गुणी माणूस दिसला की त्याला जागा द्यायची, ही या राजाची सवय होती. पोलिश माणूस औंधात रुजला, त्यामागे हीच सवय आहे.

गावातल्या यमाईच्या देवळापुढची उंच दीपमाळ पाहून मी डोंगर चढायला लागलो. रस्ताही वर जातो, पण झाडं पाहायची असतील तर पायऱ्या बऱ्या. दोन्ही बाजूंना घाणेरी, मधूनच निवडुंगाची फडी, खाली गाजरगवत. तिन्ही अमेरिकेची. यमाईच्या डोंगरावर अमेरिकेने ठाण मांडलं आहे, म्हणायला हरकत नाही. त्यांतली काही माणसाने हौसेने आणली, काही धान्याबरोबर चोरून आली. परदेशातून आलेल्या सगळ्याच गोष्टी कर्दळीसारख्या निरुपद्रवी नसतात, हे वनस्पतिशास्त्राच्या माणसाला शिकवावं लागत नाही. म्हणूनच पाहुण्यांपैकी कोणी जमिनीला काय दिलं, हे नीट तपासायची मला खोड आहे.

श्री भवानी चित्रसंग्रहालय डोंगराच्या अर्ध्या वाटेवर आहे. १९३८ साली ते उभं राहिलं. एका छोट्या संस्थानाच्या राजाने डोंगरावर असं संग्रहालय बांधावं आणि त्यात राजा रविवर्म्यांची मूळ चित्रं, धुरंधर, बंगाली शैलीची चित्रं, पहाडी लघुचित्रं आणि हेन्री मूरचं आई-मुलाचं दगडी शिल्प असावं, याचं नवल आत फिरताना सारखं वाटत राहतं. रविवर्म्याच्या सैरंध्रीपुढे लोक थांबतात, तिच्या डोळ्यांतली भीती पाहतात. मूरच्या शिल्पापुढे बहुतेक जण न थांबता पुढे जातात. मी दोन्हींपुढे थांबलो, पण मनात १९३८ हे साल घोळत होतं. ज्या वर्षी बाळासाहेबांनी आपली चित्रं लोकांसाठी खुली केली, त्याच वर्षी त्यांनी आपलं राज्यही लोकांना देऊन टाकायचं ठरवलं. आणि त्या ठरवण्यात मॉरिस फ्रीडमन होता.

फ्रीडमनचा जन्म वॉर्साच्या गरीब ज्यू वस्तीतला, १९०१ सालचा. तेव्हाही वॉर्सा झारच्याच मुठीत. मुलगा अफाट हुशार, यंत्रांत डोकं चालणारा, विजेचा इंजिनिअर झाला, तरुणपणीच शोधांची पेटंटं घेतली, फ्रान्सला गेला. पण यंत्रं जुळवून मन जुळेना. १९३० च्या दशकाच्या मध्याला तो म्हैसूर संस्थानात आला. दिवाण मिर्झा इस्माइल यांच्या काळात बंगळुरात विजेच्या सामानाचा सरकारी कारखाना उभा राहत होता, तो त्याने चालवला. सुट्टी मिळाली की तो तिरुवण्णामलैला रमण महर्षींपुढे जाऊन बसे आणि त्यांना प्रश्न विचारी. जे. कृष्णमूर्तींशी त्याचा वाद-संवाद आयुष्यभर चालला. केरळच्या कान्हनगडच्या स्वामी रामदासांकडून त्याने संन्यास घेतला आणि भारतानंद हे नाव धारण केलं. कारखान्याचा साहेब भगव्या कपड्यांत, हे दृश्य बंगळूरकरांना पचवायला जड गेलं असणार.

बंगळुरातच त्याची गाठ बाळासाहेबांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत यांच्याशी पडली. आप्पासाहेब ऑक्सफर्डला शिकून, बॅरिस्टर होऊन आलेले. दोघांची मैत्री झाली आणि फ्रीडमन औंधला आला. त्याने राजाला जे सुचवलं ते सरळ होतं: सगळी सत्ता लोकांना देऊन टाका. सत्तरीला पोचलेल्या बाळासाहेबांनी ते मानलं. नोव्हेंबर १९३८ मध्ये जाहीरनामा निघाला. त्याचा मसुदा तयार करण्यात फ्रीडमनचा हात होता. मग आप्पासाहेब आणि फ्रीडमन गांधीजींकडे गेले. गांधीजींनी घटनेत लक्ष घातलं आणि २१ जानेवारी १९३९ रोजी औंधची स्वराज्य-घटना लागू झाली.

औंध संस्थान म्हणजे सलग प्रदेश नव्हता. औंध, आटपाडी, कुंडल आणि पार विजापूरकडचं गुणदाळ, असे तुटक तुकडे मिळून ७२ गावं. या गावांत प्रौढांनी पाच जणांची पंचायत निवडायची. पंचायतींच्या प्रमुखांची तालुका पंचायत व्हायची आणि तालुक्यांकडून विधिमंडळात माणसं जायची. महसुलाचा मोठा वाटा गावांकडे राहणार, शाळा, रस्ते, पाणी गावाने पाहायचं, भांडणांचा निवाडा गावातच व्हायचा. सत्ता खालून वर चढत जाणार, राजा फक्त पालक. ब्रिटिश सरकारच्या नजरेखाली, मूठभर उत्पन्नाच्या दुष्काळी मुलखात हे चाललं होतं.

त्याच वर्षी सप्टेंबरात जर्मनीने पोलंडवर हल्ला केला आणि काही आठवड्यांत जर्मनी आणि रशियाने तो देश पुन्हा वाटून घेतला. एकवीस वर्षांपूर्वी नकाशावर परत आलेला पोलंड पुन्हा पुसला गेला. वॉर्साची ज्यू वस्ती पुढे भिंतीआड कोंडली गेली आणि मारली गेली. ज्या माणसाच्या जन्मगावी हे घडत होतं तो साताऱ्याच्या माळावर पंचायतींची घडी बसवत होता. फ्रीडमनचा विचार करताना मला वार्शेविच आठवतो तो इथे. दोघांनाही आपल्या मातीत जे करता आलं नाही, ते दोघांनी दुसऱ्यांच्या मातीत केलं.

वर यमाईच्या मूळपीठाला जाऊन आलो. तटबंदीवरून पाहिलं तर चहूकडे कोरडा मुलूख, मध्ये तळ्यांचे तुकडे, पांढुरके रस्ते. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'तले तरुण मास्तर याच संस्थानाच्या नोकरीत होते आणि तालमीच्या उद्घाटनाला राजे स्वतः त्या आडगावात येतात, हे मराठी वाचकाला आठवत असेल. ती वाडी कल्पनेतली असली तरी असा राजा आणि असा मुलूख होता, हे इथे उभं राहिलं की पटतं.

फ्रीडमनने औंधात रुजवलेली दुसरी गोष्ट पाहायची तर आटपाडीला जायला हवं. दुसऱ्या दिवशी वडूज, मायणी करत, गाड्या बदलत मी सांगली जिल्ह्यात शिरलो. आटपाडी तालुका हा माणदेशाचा भाग. गदिमांचं शेटफळे इथलंच, शंकरराव खरात इथलेच. खिलार जनावरं, मेंढरं, काटेरी बाभळी, हिवर, आणि गेल्या काही दशकांत माळावर आलेल्या डाळिंबाच्या बागा. पाऊस कमी, म्हणून कीड कमी, म्हणून डाळिंब चांगलं, असा इथला हिशेब एका शेतकऱ्याने गाडीत मला समजावून सांगितला.

आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. १९३९ साली औंध संस्थानाने इथे कैद्यांची उघडी वसाहत काढली. कल्पना फ्रीडमनची. खुनासारख्या गुन्ह्यातले कैदीही बेड्या न घालता इथे आणायचे, त्यांना जमीन द्यायची, बायकामुलांना बरोबर राहू द्यायचं, शेती करू द्यायची, आणि भिंत बांधायची नाही. त्या वेळी हिंदुस्थानात काय, युरोपातही हे धाडसच होतं. राज्य गेलं, पण वसाहत टिकली. आजही ती महाराष्ट्राच्या तुरुंग खात्याकडे आहे. आत जायला परवानगी लागते, म्हणून मी रस्त्यावरूनच पाहिलं: शेताचे तुकडे, साधी घरं, पाण्याचा पाट, एका अंगणात वाळत घातलेली धुणी. मुद्दाम सांगितलं नसतं तर तुरुंग आहे हे कळलं नसतं.

जवळच्या टपरीवर चहा घेताना चहावाल्याला विचारलं, "दादा, हितले कैदी पळून जात नाहीत?"

"पळून जाणार कुठं?" तो म्हणाला. "बायकापोरं हितं, रान हितं. भिंत असती तर पळाले असते."

व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' १९५७ साली आला. सहा खुनी कैद्यांना घेऊन माळावर शेती करणारा तुरुंगाधिकारी त्यात आहे. त्याची कथा गदिमांनी लिहिली होती आणि तिचं मूळ स्वतंत्रपूर होतं. बर्लिन महोत्सवात या चित्रपटाला पारितोषिक मिळालं. जगाने आटपाडीचा माळ पाहिला. पण वॉर्साहून आलेला जो माणूस या कल्पनेमागे होता, त्याचं नाव मी टपरीवर काढलं तेव्हा चहावाल्याला ते ठाऊक नव्हतं.

औंधचा प्रयोग किती यशस्वी झाला, यावर अभ्यासकांनी लिहिलं आहे. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि घटनाही संपली. नऊ वर्षांत जातीचे ताण सुटत नसतात, सावकाराचं देणं फिटत नसतं, दुष्काळ हटत नसतो. पण एका गोष्टीला दाद द्यावी लागेल. १९४२ नंतर साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं तेव्हा कुंडल हे त्याच्या कार्यकर्त्यांचं मोठं केंद्र होतं. जिथे काही वर्षं स्वतःचा कारभार स्वतः करायची सवय लागली होती, त्या मातीत पर्यायी सरकारची कल्पना सहज पेरली गेली, असं मला वाटतं. सिद्ध करता येणार नाही, पण वनस्पतिशास्त्रात आपण जमीन पाहूनच काय उगवेल याचा अंदाज बांधतो.

फ्रीडमन पुढेही असाच, नाव मागे न ठेवता, काम करत हिंडला. त्याने सूतकताईच्या साधनांत सुधारणा केल्या. त्याने तयार केलेली धनुष तकली गांधीजींना इतकी आवडली की त्यांनी तिच्याबद्दल 'हरिजन'मध्ये लिहिलं. वांडा दिनोव्स्का ही दुसरी पोलिश साधिका, उमादेवी या नावाने इथे राहिलेली, तिच्या पोलिश-भारतीय ग्रंथमालेच्या कामात तो होता. त्या मालेतून गीता पोलिशमध्ये गेली. १९५९ नंतर तिबेटी निर्वासित आले तेव्हा तो त्यांच्यासाठी धावला. आप्पासाहेब पंत तोवर भारत सरकारचे मुत्सद्दी झाले होते आणि सिक्कीममध्ये होते. शेवटी हा माणूस मुंबईला, खेतवाडीतल्या एका माडीवर पोचला. तिथे निसर्गदत्त महाराज, बिड्यांचं दुकान चालवणारे, मराठीत बोलत असत. फ्रीडमनने ती बोलणी ध्वनिमुद्रित करून इंग्रजीत आणली, १९७३ साली पुस्तक निघालं आणि मराठी चाळीतल्या माडीवरचं बोलणं जगभर गेलं. १९७६ साली मुंबईतच तो वारला.

पश्चिम महाराष्ट्राला पोलंडची आणखी एक ओळख आहे. दुसऱ्या महायुद्धात सायबेरियातून सुटून इराणमार्गे आलेल्या सुमारे पाच हजार पोलिश माणसांना १९४३ ते १९४८ दरम्यान कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत आसरा मिळाला. त्यांत बायका आणि मुलंच जास्त. त्यांचं स्मारक कोल्हापूरच्या महावीर उद्यानात आहे, त्यांची मुलं-नातवंडं अजून भेटीला येतात, वर्तमानपत्रांत फोटो छापून येतात. हे योग्यच आहे. फरक एवढाच की त्यांना आपण दिलं, म्हणून ते आपल्या चांगलं लक्षात राहिलं. फ्रीडमनने आपल्याला दिलं. घेतलेलं विसरायला फार कष्ट पडत नाहीत.

परतीच्या गाडीत मी वार्शेविचच्या कर्दळीचा पुढचा इतिहास मनाशी आठवत होतो. अलीकडच्या अभ्यासकांपैकी बहुतेकांनी कॅना वार्शेविची ही वेगळी जात न मानता ती कॅना इंडिकातच विलीन केली आहे. म्हणजे त्याचं नाव तिथूनही गेलं. लाल फुलं मात्र औंधच्या न्हाणीमागे माजली आहेत. नाव गेल्याने झाडाचं काही अडत नाही, हे मान्य.

पण झाडाचं अडत नसलं तरी अभ्यासाचं अडतं. वनस्पतीचा वाळवलेला नमुना कागदावर चिकटवला की कोपऱ्यात चिठ्ठी लावायची, हा आमच्या विद्येचा पहिला धडा. जागा, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. चिठ्ठी नसलेला नमुना कितीही सुंदर असला तरी पेटीत ठेवत नाहीत, कारण तो कुठून आला हे कळत नाही तोवर त्यापुढे काही शोधता येत नाही. त्यासाठी गोळा करणाऱ्याची इच्छा कोणी विचारत नाही. ती जबाबदारी पेटी सांभाळणाऱ्याची असते. फ्रीडमनला नाव नको होतं, संन्यासीच तो. म्हणून त्याचं नाव विसरण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही. औंधच्या पंचायती आणि स्वतंत्रपूर या आपल्या पेटीतल्या गोष्टी आहेत. त्यांवर चिठ्ठी लावायचं काम साताऱ्याच्या आणि सांगलीच्या शाळांतल्या इतिहासाच्या तासालाही करता येईल, त्यासाठी फलक नको की उद्घाटन नको. जागा औंध आणि आटपाडी, साल १९३९, आणणारा मॉरिस फ्रीडमन, वॉर्सा.